घासलेली जागा

"ताई, इथं कुणीतरी लई वेळा थांबवलंय," तो म्हणाला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

शुक्रवार पेठेतल्या एका जुन्या इमारतीत, लाकडी जिना चढून गेलं की त्याची खोली. खोली कसली, एक टेबल, दोन स्टुलं आणि भिंतीला टेकून रचलेले बारा-पंधरा व्हीसीआर. त्यातले चालणारे तीनच. बाकीचे तो बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारातून उचलून आणतो, हेडसाठी, पट्ट्यासाठी, एखाद्या रबरी रोलरसाठी. जपानमधली शेवटची कंपनीही २०१६ च्या जुलैत व्हीसीआर बनवायची थांबली, तेव्हापासून नवा भाग मिळत नाही, एकाला मारून दुसऱ्याला जगवायचं, असं तो सांगत होता. मी आठ कॅसेट संगणकावर उतरवून घ्यायला गेले होते. वाडा बिल्डरकडे जाणार म्हणून माळा रिकामा करताना सापडलेल्या. दादाची मुंज, आत्तेबहिणीचं लग्न, आजीचं सहस्रचंद्रदर्शन, मामाने अमेरिकेहून पाठवलेली बर्फाची दृश्यं. सात कॅसेट त्याने मुकाट्याने बाजूला ठेवल्या. आठवी हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाला, "ही कशाला करताय? ही सगळी गाणी यूट्यूबवर आहेत. ह्याच्यापेक्षा कितीतरी साफ." मला उत्तर देता आलं नाही. "असू दे, करून द्या," एवढंच म्हटलं.

ती कॅसेट म्हणजे मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'मधल्या गाण्यांच्या व्हिडिओंचा संग्रह. १९९३ सालचा. नऊ गाणी, मध्ये मध्ये पडद्यामागची दृश्यं, जवळजवळ दोन तासांचा ऐवज. पुठ्ठ्याच्या खोक्याचे कोपरे उंदरांनी कुरतडलेले, आणि कॅसेटच्या छोट्या काचेतून पाहिलं तर फितीच्या कडेला पांढरे धागे. बुरशी. पुण्याचे तीस पावसाळे त्या माळ्यावर काढल्यावर दुसरं काय होणार. त्याने खालचे पाच स्क्रू काढले, खोकं उघडलं आणि ती अर्धा इंच रुंदीची काळी फीत मऊ कापडाच्या घडीतून हाताने हळूहळू ओढायला सुरुवात केली. कापडाला स्पिरिटचा वास. जवळजवळ अडीचशे मीटर फीत. एखादी बाई केसातून तेल जिरवते तसा तो ती हातावेगळी करत होता, घाई नाही, जोर नाही. मी स्टुलावर बसून पाहत राहिले. दर थोड्या वेळाने तो घडी पालटायचा आणि कापडावर राखेसारखा करडा डाग दिसायचा.

मामाने ती १९९४ च्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी हातून पाठवली होती. बरोबर बदाम, एक शाम्पूची मोठी बाटली आणि झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशव्या, ज्या आईने पुढे दहा वर्षं धुऊन धुऊन वापरल्या. कॅसेटवरचं गुळगुळीत सेलोफेन दादाने फाडू दिलं नाही, ब्लेडने कडेने कापलं. आतला वास मला आजही आठवतो. नव्या रेक्झिनचा आणि थोडासा डांबराच्या गोळ्यांचा. सगळे टीव्हीसमोर बसलो. आजीसुद्धा, कारण मायकल जॅक्सन कोण हे तिला पेपरमधून माहीत होतं. कॅसेट आत गेली, कुर्रकन आवाज झाला, आणि पडद्यावर चित्र आलं ते वर वर पळत होतं. मधे एक जाड काळी पट्टी, तिच्यावर पाय, तिच्याखाली डोकं. आणि रंग नाहीच.

अमेरिकेतली टीव्हीची पद्धत वेगळी आणि आपली वेगळी, हे आमच्या घरात तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. तिकडे चित्र ५२५ रेषांचं, सेकंदाला तीस. आपल्याकडे ६२५ रेषा आणि सेकंदाला पंचवीस. काकांनी मस्कतहून आणलेला व्हीसीआर दोन्ही पद्धतींच्या कॅसेट वाचायचा, पण बाबांनी हप्त्याने घेतलेल्या टीव्हीला फक्त इथलीच भाषा समजायची. बाबा टीव्हीच्या मागे गेले, व्ही-होल्डचं बटण चाचपडत फिरवलं आणि मग हळूहळू, एखादं बिथरलेलं वासरू शांत व्हावं तसं ते चित्र थांबलं. थोडं चपटं, पण स्थिर. रंग मात्र आला नाही तो नाहीच. म्हणून 'ब्लॅक ऑर व्हाइट' हे गाणं मी पहिल्यांदा पाहिलं ते काळ्या-पांढऱ्यात. त्याच्या शेवटी ते सगळे चेहरे एकातून एक उमलत जातात, बाईचा पुरुष होतो, गोऱ्याचा काळा, सरळ केसांचे कुरळे. जगाला त्या करामतीने वेड लावलं होतं. आमच्या टीव्हीवर मात्र सगळे राखाडी. कुणी फिकट राखाडी, कुणी गडद. आई भाजी निवडता निवडता म्हणाली होती, "सगळी एकाच घरातली दिसतात." तेव्हा आम्ही हसलो होतो. आता वाटतं, ते गाणं तिच्याइतकं सरळ कुणी पाहिलं नसेल.

प्रत्येकाचं एकेक गाणं ठरून गेलं. आईला लहान मुलांचं. मला इजिप्तच्या राजवाड्यातलं, कारण त्यातली राणी फार सुंदर होती आणि ती इमान नावाची खरी मॉडेल आहे हे दादाने मासिकात वाचलं होतं. आजीला गाणं कुठलंच आवडलं नाही, पण काळ्या बिबट्याचा माणूस होतो आणि तो रस्त्यावरच्या गाडीच्या काचा फोडतो, तो भाग आला की ती उठून देवघरात जायची. ('ब्लॅक ऑर व्हाइट'चा हा शेवटचा भाग १४ नोव्हेंबर १९९१ ला पहिल्यांदा दाखवला तेव्हा अमेरिकेतही लोक चिडले होते आणि पुढे टीव्हीवरून तो कापला गेला, हे मला फार नंतर कळलं. आजी आणि अमेरिका यांचं एकमत झालेलं हे एकच प्रकरण असावं.) आणि दादाला 'जॅम'. त्यात मायकल जॅक्सन मायकल जॉर्डनला नाचाची पावलं शिकवतो. तेवढा भाग लावायचा, पॉज करायचा, फरशीवर तसा पाय ठेवायचा, पुन्हा चालू करायचा. गणपतीत आमच्या गल्लीच्या मंडळाच्या स्टेजवर नाचायचं त्याने ठरवलं होतं. पांढरे मोजे आणून ठेवले होते.

आत्याचं कुठलं गाणं, हे कुणी विचारलंच नाही.

आत्या आमच्याकडेच राहायची. तिचं लग्न झालं नव्हतं आणि त्याबद्दल घरात बोललं जात नसे. सकाळच्या शाळेत ऑफिसात कारकून होती, एकच्या सुमाराला घरी यायची, जेवायची आणि आम्ही साडेपाचला येईपर्यंत घरात ती आणि दुपारी झोपणारी आजी. एवढंच. तिने नऊ-दहा वर्षं कथक केलं होतं हे मला माहीत होतं, पण जसं आजोबा कुस्ती खेळायचे हे माहीत होतं तसं. म्हणजे एक जुनी बातमी म्हणून. रोहिणीताई भाट्यांनी १९४७ मध्ये पुण्यात नृत्यभारती सुरू केली आणि मग पुढच्या पंधरा-वीस वर्षांत पेठांमधल्या कितीतरी घरांतल्या मुलींच्या पायांत घुंगरू आले, त्या लाटेत ही पण होती. एका वाड्याच्या माडीवर शिकायला जायची. आजोबा गेले, हिने नोकरी धरली, घुंगरू पेटीत गेले. या तिन्ही गोष्टी एकाच वर्षात झाल्या, १९७४ मध्ये. ती एकोणीस वर्षांची होती.

१९९५ च्या मे महिन्यात चित्रावर पांढऱ्या रेघा यायला लागल्या. आधी थोड्या, मग पावसासारख्या. मुंजीच्या कॅसेटवरही येऊ लागल्या तेव्हा बाबांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने झाकण उघडून सांगितलं की हेड भरलंय, घासलेली फीत आत जाऊन तिचा भुगा बसलाय, आणि मुलं पॉज फार करतात का? हेड बदलायला लागलं तो खर्च त्या महिन्यात परवडणारा नव्हता. बाबांनी दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, मी केलं, पण एवढं नाही केलं. बाबांनी आयुष्यात त्याच्यावर दोनदाच हात उचलला, त्यातली एक वेळ ही. मी दारात उभी होते. आई ओट्याशी होती. आत्या पलंगावर बसून शाळेचे दाखले लिहीत होती आणि तिचं पेन थांबलं होतं, एवढं मला आठवतं. आवाज मोठा झाला म्हणून थांबलं असेल, असं मला तेव्हा वाटलं. कॅसेट माळ्यावर गेली. कुठल्या गाण्यात रेघा आहेत आणि कुठल्यात नाहीत, हे कुणी लावून पाहिलं नाही.

त्या वर्षी दादा मंडळाच्या स्टेजवर चढला नाही. पांढरे मोजे शाळेत घालून घालून पिवळे झाले. पुढे १ नोव्हेंबर १९९६ ला मायकल जॅक्सन खरोखरच मुंबईत आला, अंधेरीच्या क्रीडा संकुलात नाचला. दादाच्या कॉलेजातली चार पोरं डेक्कन क्वीनने गेली, एक तिकीट याच्यासाठी होतं. हा म्हणाला, मला नाही आवडत आता ते. मला ते खरं वाटलं होतं. माणसाची आवड बदलते. पण आवड बदलणं आणि आवडीला हात लावायची भीती बसणं, यांतला फरक बारा-तेरा वर्षांच्या बहिणीला कुठून कळणार.

त्या शुक्रवार पेठेतल्या खोलीत हे सगळं आठवायचं काही कारण नव्हतं. मी तर रंग पाहून चक्रावले होते. त्याच्याकडच्या यंत्राला दोन्ही भाषा येतात, त्यामुळे आमची कॅसेट, तीच कॅसेट, पहिल्यांदाच रंगीत दिसत होती. तो इजिप्तचा राजवाडा सोन्याचा होता! भिंती, खांब, दागिने, माणसांची त्वचा, सगळ्यावर सोनं सांडलेलं. नंतर केबलवर मी ते पाहिलंच होतं, पण या फितीतून ते सोनं बाहेर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. माझ्यासाठी ही कॅसेट राखाडी होती. म्हणजे रंग आत होताच, आमच्या घरात तो वाचणारं काही नव्हतं.

मग 'ब्लॅक ऑर व्हाइट' आलं. आफ्रिकेचे शिकारी गेले, थायलंडच्या नर्तकी गेल्या, घोड्यांच्या धुळीतले मूळ अमेरिकन गेले, आणि वाहत्या रस्त्याच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी गाड्या धावत असताना, एक भारतीय बाई शास्त्रीय नृत्य करायला लागली. आणि चित्रावर एकदम पांढऱ्या तुटक रेघांचा झोत आला. तो म्हणाला ते इथे. लई वेळा थांबवलंय. त्याने मला समजावून सांगितलं. पॉज केलं की फीत थांबते, पण आतला ड्रम थांबत नाही. मिनिटाला अठराशे फेरे घेत तो त्याच जागेवरून फिरत राहतो आणि त्याच्यावरची हेडं फितीच्या तेवढ्याच तुकड्यावर घासत राहतात. वरची लोखंडाची भुकटी उडून जाते. जिथे भुकटी नाही तिथे चित्र नाही, तिथे पांढरी रेघ. "पाच मिनिटांनी मशीन आपणहून सुटतं, फीत वाचावी म्हणून," तो म्हणाला. "पण हे बघा, हे एकदा-दोनदाचं नाही. इथं सुटलंय आणि परत दाबलंय. आणि एकाच जागी नाही, ह्या बाईच्या तुकड्यातच चार-पाच ठिकाणी. नाच शिकत होतं का कुणी?"

मी त्याला 'जॅम' लावायला सांगितलं. शेवटाकडची ती पावलं. स्वच्छ. एखाद-दुसरी रेघ, बस.

लॉ कॉलेज रोडवर आपल्याकडे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं. थंड, कोरड्या खोल्यांमध्ये रिळं जपून ठेवलेली आहेत, आणि पी. के. नायरांसारख्या माणसाने त्यासाठी आयुष्य वेचलं. तिथे चित्रपट जसा बनला तसा राहावा म्हणून धडपड चालते, आणि ती चालायलाच हवी. पण त्या दुपारी टिळक रोडने चालत घरी येताना माझ्या डोक्यात उलटंच काहीतरी फिरत होतं. यूट्यूबवरचं ते गाणं कितीही कोटी लोकांनी पाहिलं तरी झिजत नाही. आकडा वाढतो, चित्र तसंच राहतं. आणि आमच्या घरातल्या एका बाईने एका बाईला इतकं पाहिलं की ती फितीवरून पुसली गेली. पूर्वी दूरदर्शनवरच्या छायागीतात एखादं गाणं लागलं की लागलं, ते आपल्यासाठी थांबायचं नाही. पाहुणे आले, दूध उतू गेलं, गाणं निघून गेलं. गाणं विकत आणून घरात ठेवता येतं आणि ते हवं तिथे थांबवता येतं, ही ताकद घराघरात कॅसेटने आणली. ज्या बाईच्या आयुष्यात काय थांबवायचं ते कायम दुसऱ्यांनी ठरवलं, तिच्या हातात दुपारी दोन ते साडेपाच ते बटण होतं.

तिला सांगावं की नाही, यावर मी पंधरा दिवस घालवले. तिला वाईट वाटेल, हे एक. पण खरं सांगायचं तर मला राग आला होता. सत्तर वर्षांच्या, गुडघ्यांनी बेजार झालेल्या, मला दर दिवाळीला अजून कडबोळी करून पाठवणाऱ्या बाईचा राग. ती त्या दिवशी एक वाक्य बोलली असती तर. आणि लगेच वाटायचं, काय बोलली असती? भावाच्या घरात राहणारी, लग्न न झालेली बहीण, रोज दुपारी मायकल जॅक्सन लावून त्यातली एक बाई थांबवून बघते, हे त्या ओट्यासमोर, आईसमोर, दुरुस्तीवाल्यासमोर कसं म्हणायचं असतं?

शेवटी एका रविवारी लॅपटॉप घेऊन कर्वेनगरला गेले. तिने चहा टाकला, आल्याचा तुकडा ठेचला. मी मुद्दाम काही बोलले नाही, कॅसेट रंगीत झालीय बघ, म्हटलं आणि ते गाणं लावलं. रस्ता आला. गाड्या आल्या. आत्या पुढे सरकली.

"ओडिसी आहे ते," ती म्हणाली. "बैठक बघ तिची. कथकात असं खाली बसत नाहीत, आपण ताठ उभे. मला आधी वाटायचं हे सोपं आहे. मग करून बघितलं, मांड्या भरून आल्या." थांबून ती म्हणाली, "तिचा हात बघायचे मी. मनगट वळतं ना, ते कुठून वळतं ते सापडायचं नाही. एवढ्या गाड्या, तो शेजारी हा एवढा मोठा माणूस, आणि तिची नजर हलत नाही. पायाचं काम दिसतं, पण ऐकू येत नाही. ते मी मनात म्हणायचे."

"रोज बघायचीस?"

"रोज कुठे." मग चहाचा कप खाली ठेवला. "रोजच."

तिचा उजवा हात मांडीवरून उठला होता. बोटांची पेरं संधिवाताने सुजलेली, तर्जनी आता सरळ होत नाही. पण मनगट वळलं. खुर्चीत बसल्या बसल्या, सावकाश, आणि कुठून वळलं ते मला सापडलं नाही. पडद्यावर त्याच वेळी पांढऱ्या रेघा सरकत होत्या. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"हे पांढरं काय आहे गं? माझ्या डोळ्याचं आहे का?"

"नाही. कॅसेटवर आहे. एकाच ठिकाणी फार वेळ थांबवलं की असं होतं."

"इथेच?"

"इथेच. दादाच्या गाण्यात नाहीये."

ती बराच वेळ बोलली नाही. गाणं पुढे गेलं, बर्फात नाचणारे रशियन आले आणि गेले, चेहरे एकातून एक उमलायला लागले, या वेळी आपापल्या रंगांत. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. गॅसवर राहिलेल्या चहाचा वास यायला लागला तेव्हा मी उठून बटण बंद केलं. परत आले तर ती माझा फोन हातात धरून बसली होती, उलटा.

"तुझ्या दादाला लाव."

"आत्या, टोरांटोत सकाळचे साडेसहा वाजलेत. रविवार आहे."

"असू दे," ती म्हणाली. "उठव त्याला."